जळकोटची तांबडी

फाल्गुन अर्धा सरला की नांदेडच्या रस्त्यांवर द्राक्षांचे गाडे उभे राहू लागतात. वजिराबादेत तर एकाला चुकवावं तर दुसरा समोर हजर. काळी, बियांची द्राक्षं आता फारशी कुणी आणत नाही, पण एखाद्या गाड्यावर दिसली की माझे पाय आपोआप थांबतात. गाडेवाला आपणहून दोन मणी तळहातावर ठेवतो. "खाके देखो मॅडम, शक्कर है शक्कर." मी खाते, आणि लोक जी थुंकून टाकतात ती बी मुद्दाम दाताखाली धरते. गोडवा लगेच संपतो. बी फुटली की जिभेच्या दोन्ही कडांनी तुरटपणा चढत जातो, गालाच्या आतली कातडी आकसते, आणि मी भर बाजारात डोळे मिटून उभी. गाडेवाल्याला वाटतं, बाईंना आंबट लागलं. तो बिचारा अजून दोन मणी पुढे करतो.

त्याला काय सांगायचं! मी तेवढ्यात लोहा, कंधार मागे टाकून जळकोटच्या एका वैशाखात जाऊन पोचलेली असते. पत्र्याची शेड तापून तडतड वाजते आहे, टेबलावर पेले मांडलेत आणि दारात बापू उभे आहेत, पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात तुळशीची माळ.

चव घेणं हा माझा धंदा. माझं नाव मित्रा. नांदेडच्या एका कॉलेजात मी अन्नतंत्रज्ञान शिकवते. बिस्किटं, लोणची, आंब्याचा रस, मुलांनी केलेले आणि काही केल्या न गोठणारे जॅम, सगळं माझ्या जिभेवरून गेलेलं आहे. नातेवाईक म्हणतात, "मजा आहे बाई तुझी, खायचा पगार घेतेस." घ्या म्हणावं एकदा चाळीस मुलांची आवळा कँडी ओळीने चाखून, मग बोला. पण खोटं कशाला सांगू, मला हे काम आवडतं. डोळे मिटले की जीभ आपली आपण चालू लागते, आणि कुठल्या कुठे घेऊन जाते.

वाईन चाखायला मात्र मी उशिरा शिकले, नाशिकला एका प्रशिक्षणात. आधी पेला उजेडात धरून रंग बघायचा, मग हुंगायचं, मग घोट तोंडात घोळवायचा आणि शेवटी शेजारच्या बादलीत थुंकायचा. घरी येऊन हे आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे तोंडात घ्यायची?"

"हो."

"आणि गिळायची नाही?"

"नाही गं. थुंकायची."

आईने भाजीचं ताट बाजूला सारलं. ती रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून पंचशील म्हणते. त्यातलं पाचवं, नशेच्या वस्तूंपासून दूर राहण्याचं, तिने नुसतं म्हटलेलं नाही. आमच्या वस्तीत दारूने आडवे झालेले बाप्ये तिने नर्सच्या नोकरीत स्वतःच्या हाताने उचलून खाटेवर घातलेत. आमच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं वाचून आत येतं. शेवटी ती म्हणाली, "थुंकत असशील तर जा. पण नीट थुंक." तेव्हापासून मी कुठे चाखायला गेले की संध्याकाळी तिचा फोन ठरलेला. जेवलीस का नंतर, आधी थुंकलीस का.

सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. एका बाकावरची. शिक्षण झाल्यावर ती नाशिकला एका वायनरीत लागली, तिथे चांगली स्थिरावली, आणि मग एक दिवस सगळं सोडून जळकोटला वडलांच्या रानात परत आली. वडलांना सगळे बापू म्हणतात. त्यांचं रान डोंगराच्या उताराला, मुरमाड, तूर सुद्धा रडतरडत येणार. सुनंदा म्हणाली, असल्याच जमिनीत वाईनची द्राक्षं होतात, वेलाला जरा उपाशी ठेवावं लागतं. बापूंनी तिच्या शब्दावर अर्ध्या रानात पांढरी लावली, अर्ध्यात तांबडी. शेड उभी राहिली, स्टीलच्या टाक्या आल्या, एक गार खोली झाली. गावात हसायला लोकांना विषयच मिळाला. माळकरी माणूस आणि धंदा वाईनचा! बापू शांतपणे सांगायचे, "म्या द्राक्षं पिकवायलो. फुडचं पोरगी बघती."

आणि चाखायला बोलावली मी. करणारा माळकरी, चाखणारी बौद्ध. दोघांच्या घशाखाली थेंब उतरणार नाही. सुनंदाला मी हे म्हटलं तेव्हा ती इतकी हसली की फोन तिच्या हातून पडल्याचा आवाज आला.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, हे तिथे पोचल्यावर कळलं. बापूंनी मला गाडीतून उतरल्या उतरल्या बाजूला घेतलं. पांढरीची त्यांना चिंता नव्हती, तिच्याबद्दल चार लोक बरं बोलले होते. प्रश्न तांबडीचा होता. गेल्या वर्षीच्या फाल्गुनातली पहिली तोड वर्षभर टाकीत मुरत होती आणि तिचं काय झालंय हे कुणी धड सांगेना. "चांगली असंल तर ठिवतो," बापू म्हणाले, "नसंल तर मृगाच्या आधी वेल उपटून सोयाबीन पेरतो. तू प्येत न्हाईस म्हनून तुला इचारतो. पिनाऱ्याला समदीच ग्वाड लागती." मागे सुनंदा पेले पुसत उभी होती. तिने ऐकलं, पण मान वर केली नाही. त्या तांबड्या वेलांसाठीच ती नाशिक सोडून आली होती. पांढरी तर तिथेही होती, म्हणायची ती.

आता वैशाख म्हणजे काय हे मराठवाड्याबाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. तांबडी वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असं पुस्तकात असतं. ज्याने कुणी लिहिलं त्याने जळकोटची खोली बघितलेली नव्हती. तांबडीच्या नमुन्याच्या बाटल्या सकाळपासून पत्र्याखाली टेबलावर मांडून ठेवलेल्या, पुस्तकाबरहुकूम. पांढरी मात्र बर्फाच्या घमेल्यात गळ्यापर्यंत बुडालेली. आणि त्यात भर म्हणून सुनंदाच्या काकू मिरचीची भजी घेऊन आल्या. पाहुणे उपाशीपोटी बसवायचे ही कल्पनाच त्यांना सहन होईना. सुनंदा दारातून हातवारे करत होती, नको, नको. काकूंनी तिच्याकडे पाठ केली आणि मला म्हणाल्या, "खा माय, ती तिकडं राहून बिघडली." आमच्याकडे भज्याला नाही म्हणणं म्हणजे घराला नाही म्हणणं. खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, जिभेला मुंग्या आल्या, आणि अशा जिभा घेऊन आम्ही तिघं मोठ्या गंभीरपणे चाखायला बसलो. मी, लातूरचे एक हॉटेलमालक, आणि नांदेडहून माझ्यासोबत आलेले रेल्वेतले एक निवृत्त साहेब. त्यांची वाईनशी ओळख एवढीच, की ती व्हिस्की नाही.

पांढरी छान होती. खरंच छान. मिरचीने पोळलेल्या जिभेवर ती गार धार आली आणि मला पिकत आलेल्या पेरूचा वास आला, मग कैरीची साल, आणि अगदी शेवटी हुरड्याच्या कोवळ्या दाण्याचं ते हिरवं दूध. नाशिकच्या प्रशिक्षणात आम्हाला फळांची नावं पाठ करायला लावली होती. त्यातली निम्मी मी जन्मात खाल्लेली नाहीत. परदेशातली बोरं, परदेशातल्या झुडपांची फळं, कुणाच्या तरी परसातली फुलं. मी तिथे मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, हे कवठ आहे. हे चिंचेचं कोवळं पान आहे. चव शेवटी ज्याच्या त्याच्या लहानपणातून येते, उसनी आणता येत नाही. माझं लहानपण शाळेमागच्या कवठाखाली गेलं, तर माझी जीभ दुसरं काय सांगणार?

मग तांबडी आली. रंग देखणा होता, जांभळा, गडद. नाकाशी धरली तर नुसती वाफ. घोट घेतला तर कोमट, काढ्यासारखा, आणि मागून असा तुरटपणा उठला की दातांवर साय बसल्यासारखं वाटलं. मी बादलीत थुंकले, पाणी प्याले, परत घेतली. तेच. त्यात उन्हाचा दोष किती, मिरचीचा किती आणि वाईनचा किती, हे काही केल्या वेगळं करता येईना.

हॉटेलमालकांनी पेला खाली ठेवला, दारातल्या बापूंकडे बघितलं आणि म्हणाले, "छान हाय की." रेल्वेवाले साहेब म्हणाले, "अच्छी है, बहुत अच्छी है," आणि भज्याकडे वळले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आमच्याकडे एक शब्द आहे, लिहाज. निजामाचं राज्य गेलं, पण हा शब्द घराघरात राहिला. ज्याच्या घरी पाणी प्यालो, ज्याची भजी खाल्ली, त्याच्या तोंडावर वाईट बोलायचं नाही. मला हा शब्द फार आवडतो. त्याने कितीतरी लग्नं, कितीतरी पंगती सांभाळल्यात. आणि मला त्याचा रागही येतो, कारण त्या दुपारी तो माझ्या जिभेवर येऊन बसला आणि हलेना.

त्यात माझं आणखी एक होतं. माझे आजोबा ह्याच तालुक्यात दुसऱ्याच्या रानात सालगडी होते. त्यांना पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत. पेल्याला तोंड लावायची सोय नव्हती, आणि मालकाला तोंडावर खरं सांगायची तर त्याहून नव्हती. आणि त्यांची नात खुर्चीवर बसून एका बागायतदाराच्या घरचा काचेचा पेला ओठांना लावत होती, आणि त्याच्या रानात काय राहावं ते सांगणार होती. ह्याचा मला अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली. आजोबांचा घसा माझ्या घशात आल्यासारखा झाला. मी म्हटलं, "उद्या सकाळी सांगते."

बापूंनी नुसती मान हलवली. सुनंदाने पेले गोळा केले. माझा पेला उचलताना ती हळूच म्हणाली, "म्हंजी आवडली न्हाई तुला."  इतक्या वर्षांची मैत्री, तिला काय न बोललेलं कळत नाही?

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं होतं. तापलेल्या सिमेंटवर पाणी पडलं की येतो तो वास आला, खाली कुणीतरी म्हशीला हाक मारत होतं, आणि उतारावर वेलांच्या ओळी एकेक करून अंधुक होत चालल्या होत्या. पांढऱ्या कुठल्या आणि तांबड्या कुठल्या हे त्या उजेडात ओळखू येत नव्हतं. आईचा फोन आला.

"थुंकलीस ना?"

"हो."

"मग आवाज असा का?"

मी सगळं सांगितलं. बापू, सुनंदा, वेल, सोयाबीन. म्हटलं, छान म्हणून टाकते आई, काय बिघडतं? दोन शब्दांचा तर प्रश्न आहे. तिची मेणबत्ती नुकतीच लावून झाली असावी, मागे गल्लीतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता. ती म्हणाली, "तू पाचव्याची एवढी काळजी घेतलीस मित्रा, आणि चौथं काय तिकडंच सोडून येणार?"

चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून ते मी इतक्यांदा म्हटलंय की त्यातला अर्थ पार झिजून गुळगुळीत झाला होता. मला आईचा रागच आला. तिला काय, ती नांदेडात बसली होती. सुनंदाच्या तोंडाकडे तिला बघायचं नव्हतं.

मी खाली गेले आणि सुनंदाला म्हटलं, "उद्या उजाडताना टाकीतून काढून दे. गार खोलीतली. आणि काकूंना सांग, आधी काहीही देऊ नका, चहा सुद्धा."  ती म्हणाली, "हाव."

ती पहाट अजून माझ्या अंगावर आहे. वैशाखात आमच्याकडे थंडपणा तेवढाच, झुंजुमुंजूपासून सूर्य डोंगराच्या वर येईपर्यंत. माणसं तो चोरून घेतल्यासारखा घेतात. वाऱ्यात सुकल्या गवताचा वास होता, वेलांच्या पानांना धुळीची नक्षी. सुनंदाने गार खोलीतून पेला आणला, अर्धाच भरलेला, बाहेरून घामेजलेला. मी तांबड्या वेलांच्या कडेला उभी राहून तो नाकाशी धरला.

कालची वाफ कुठेच नव्हती. जांभूळ होतं. पायाखाली चिरडलेलं, जरा मातीत मिसळलेलं जांभूळ. त्यामागे तव्यावर भाजलेल्या जिऱ्याचा धूर, आणि त्याच्याही मागे ज्वारी काढल्यावर उघड्या पडलेल्या रानाचा कोरडा वास. घोट घेतला. क्षणभर सगळं नीट जुळून आलं, आणि मग तो तुरटपणा आला. कालच्याइतका नाही, पण होताच. हिरवा, कच्चा, मध्येच हट्टाने उभा राहणारा. म्हणजे ऊन आणि मिरची आपापल्या दोषासकट निघून गेली होती, आणि उरला तो दोष वाईनचा होता. मी थुंकले. परत घेतला, परत थुंकले. मला रडू येईल असं वाटायला लागलं, कारण आता न कळल्याची सबब राहिली नव्हती.

बापू बांधावर बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. सुनंदा माझ्या मागे.

"बापू, तांबडी आज चांगली नाही," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण जरा लांबून आल्यासारखा. "पांढरी बाटलीत भरा. ही नका भरू. तुरट आहे. वेल लहान आहेत अजून. दोन-तीन तोडी गेल्या तर निवळेल असं वाटतं, पण तशी खात्री मला देता येत नाही."

बापू वेलांकडे बघत होते. "बरं," ते म्हणाले. मागे सुनंदाचा श्वास ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, "समदीच वाईट हाय, का काही चांगलं बी हाय त्यात?"

मी त्यांच्याशेजारी बांधावर बसले आणि सांगत गेले. जांभूळ सांगितलं, जिरं सांगितलं, ज्वारी निघालेलं रान सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. ज्यांनी ती पिकवली त्यांना ती कधीच प्यायची नव्हती, आणि जिने तोंडात घेतली तिला गिळायची नव्हती, आणि आम्ही दोघं त्या बांधावर बसून तिची चव एकमेकांना देत होतो. मध्येच त्यांनी हात पुढे केला. मी पेला दिला. त्यांनी एका हाताने माळ छातीशी धरली, पेला नाकाजवळ नेला, बराच वेळ हुंगला आणि परत दिला.

"जिऱ्याचं न्हाई कळलं मला," ते म्हणाले. "जांभळाचं कळलं."

मग ते उठले, धोतर झटकलं, आणि सदऱ्याच्या खिशातून फोन काढून कुणालातरी म्हणाले, "ट्रॅक्टर आनू नकु रं. न्हाई, आज बी नकु, उद्या बी नकु."

मला काही उमगेना. मी म्हटलं, "बापू, मी चांगली नाही म्हटलं."

"ऐकलं की." ते पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलले. "काल समदे छान म्हनले. पर दुसऱ्यांदा गिलास कुनी फुडं केला न्हाई. म्या दारात हुबा ऱ्हाऊन तेवडंच बगत हुतो. तू बी छान म्हनली असतीस ना पोरी, तर आज वेल उपटनार हुतो. मला चाखता येत न्हाई. ती चांगली कवा झाली हे खरं सांगनारं एक बी मानूस नसंल, तर कुनाच्या भरवशावर ठिवू हे रान?"

मी सुनंदाकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले होते. तिने नाक पुसलं, माझ्या हातातून पेला घेतला आणि माझ्याशेजारी बांधावर बसली.

"तुरट म्हंजी किती तुरट?" ती म्हणाली. "नीट सांग. काही ठिवू नकु."

मी सांगायला लागले.